चार दिवसांची डोंगरवाट आणि शोषाची चार आयतने

चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. पदवी परीक्षेसाठी ही चार नावे आपण सर्वांनीच पाठ केली आणि पुढे व्यवसायाच्या धबडग्यात ती बासनात बांधून ठेवली. यंदा मित्रमंडळींसह मुळशी तालुक्यातून चार दिवसांच्या पदभ्रमंतीचा बेत आखावयास बसलो, तेव्हा मात्र ही चारही नावे आमच्या वहीत मथळे होऊन उतरली. कारण उघड आहे. पूर्वतयारीवाचून काढलेल्या अशा भ्रमंतीत बळापेक्षा अधिक ओझे व अधिक चाल असते, लाजेने वेग आवरलेले असतात, उपासमार असते आणि जेवणाला काळवेळ नसतो. एरवी वर्षानुवर्षांच्या अपथ्याने जे साधते, ते येथे चार दिवसांत साधता येते.

हा विषय वैद्यांच्या त्रैमासिकात कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. चाळिशी-पन्नाशीतले, दिवसभर खुर्चीत बसणारे, पोटाचा घेर वाढलेले गृहस्थ हल्ली मोठ्या संख्येने डोंगराकडे वळत आहेत. निघण्यापूर्वी ते आपल्याकडे येतात आणि ‘गुडघ्याला लावायला एखादे तेल द्या’ एवढेच मागतात. तेल देऊन त्यांची बोळवण करणे सोपे आहे. त्यांना काय विचारावे आणि प्रसंगी कोणाला जाऊ नका म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वाटेविषयी. लोणावळ्याहून पेठ शहापूर गाठून कोरीगड पाहावयाचा आणि सालतर खिंडीच्या बाजूने भांबुर्डे-एकोले परिसरात पहिला मुक्काम करावयाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घनगड, दुपारनंतर तेलबैला गाव आणि तेथे दुसरा मुक्काम. तिसऱ्या दिवशी सवाष्णीच्या घाटाने सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात धोंडसे, तेथून महादरवाजाच्या वाटेने सुधागडावर, आणि रात्री गडावरील पंतसचिवांच्या वाड्यात पाठ टेकावयाची. चौथ्या दिवशी पाच्छापूरकडे उतरून पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन परत. जुन्या भटक्यांच्या परिचयाची ही वाट आहे. कोरीगड व घनगड सुमारे तीन हजार फुटांचे, तेलबैला त्याहून थोडा उंच, तर सुधागड दोन हजारांच्या आसपास. हिमालयाच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु तिसऱ्या दिवशी सारा घाट उतरून पुन्हा तेवढेच चढावयाचे आहे, हे आकड्यांत दिसत नाही.

ऋतूचा प्रश्न आम्ही वादाला ठेवला नाही. मंडळींपैकी दोघांचा आग्रह श्रावणाचा होता. धबधबे, धुके, हिरवळ वगैरे. वाग्भटाचार्यांनी वर्षा ऋतूत वर्ज्य म्हणून जी यादी दिली आहे तीत नदीचे पाणी आणि आयास ही दोन्ही आहेत. ज्या ऋतूत अग्नी मंद आणि वात प्रकुपित, त्या ऋतूत ओल्या अंगाने दिवसभर चढउतार करावयाची, हे शास्त्राला मान्य नाही. आणि मुळशीच्या पावसाला तर मुळीच मान्य नाही. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणी घाटात २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढा पाऊस पडतो तेव्हा सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी माणूस वाहून नेतो. अलीकडे पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांच्या परिसरात प्रतिबंधक आदेश काढते. त्याविषयी कुरकुर करणाऱ्यांनी ऋतुचर्येचा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. ग्रीष्मात या कातळांवर सावली नाही आणि टाक्यांतील पाणी तळाला गेलेले असते. राहिला हेमंत. अग्नी प्रदीप्त, बल उत्तम, व्यायामाला शास्त्राची संमती. मार्गशीर्ष ठरला. त्यातही गुरुवार टाळून शुक्रवार ते सोमवार असे दिवस धरले. त्याचे कारण पुढे येईल.

साहस म्हणजे नेमके काय

साहस या शब्दाला आज शौर्याचा सुगंध चिकटला आहे. ‘साहसी पर्यटन’ असे फलक गावोगावी लागले आहेत. संहितेतील साहस म्हणजे आपल्या बळाबाहेरचे कर्म. दुर्बलाने बलवानाशी झुंजणे, अतिभार वाहणे, दूरवर पोहत जाणे, लांबचा रस्ता घाईने तोडणे, अशी उदाहरणे चरकाचार्य देतात आणि त्यातच अतिशय बडबड करणे हेही घालतात! चढावर गप्पांचा फड रंगविणाऱ्या मित्रांना हे वाचून दाखविले. उपयोग किती होतो ते पाहू.

बळाची मर्यादा ठरविण्यास शास्त्राने दिलेले माप अर्धशक्तीचे आहे. हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागला, अर्थात तोंडाने श्वास घ्यावा लागला, की बलार्ध झाले असे सुश्रुताचार्य सांगतात. कपाळ, नाक, काखा व सांध्यांच्या ठिकाणी घाम आणि मुखशोष ही जोडीची लक्षणे आपल्या परिचयाची आहेत. यंत्रावाचून, खर्चावाचून, चालता चालता घेता येणारे याहून चांगले माप आम्हांस ठाऊक नाही. आधुनिक व्यायामशास्त्रही चालताना पूर्ण वाक्य बोलता येते की नाही हे पाहावयास सांगते. म्हणजे माप जवळपास तेच.

मात्र ही अर्धशक्ती कोणाची धरावयाची? आम्ही सात जण आहोत. पाच पुरुष, दोन स्त्रिया. वये ४२ ते ५३. एक जण दर रविवारी सिंहगड चढतो. त्याच्या अर्ध्या शक्तीत दुसऱ्याची पूर्ण शक्ती संपते. सर्वसाधारण रीत अशी, की जोमदार माणूस पुढे निघतो, वर जाऊन बसतो, मागचा धापा टाकीत पोहोचला की ‘चला’ म्हणून उठतो. म्हणजे विश्रांती ज्याला नको त्याला मिळते आणि ज्याला हवी त्याला मिळत नाही. आम्ही असे ठरविले, की सर्वांत दमणारी व्यक्ती सर्वांच्या पुढे चालेल आणि तिच्या श्वासावर सर्वांची चाल बांधली जाईल. पाठीवरचे ओझे आठ किलोच्या वर कोणाचेही नाही. तंबू व भांडी वाहण्यासाठी एकोल्यातील माहीतगार सोबत घ्यावयाचा आणि त्याला मोबदला ठरवून द्यावयाचा.

सरावास तीन महिने दिले आहेत. पहिला महिना रोज तासभर सपाटीवर, दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा टेकडी, तिसऱ्यात पाठीवर ओझे घेऊन सलग दोन दिवस चाल. सलग दोन दिवस हेच महत्त्वाचे. एका दिवसाचा गड कोणीही रेटून नेतो. दुसऱ्या सकाळी पिंडऱ्या काय सांगतात ते पाहावयाचे असते. उतरण्याचा सराव तर कोणीच करीत नाही. चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो, उतरताना दम लागत नाही म्हणून धावतो, आणि जानुसंधी त्याचा हिशेब सवाष्णीच्या घाटात मागतात. प्रत्येकाच्या हाती काठी आणि मुक्कामी रोज तिळतेलाने पादाभ्यंग, या दोन गोष्टी आम्ही सक्तीच्या केल्या आहेत.

पंचेचाळिशीपुढील चौघांना रक्तदाब, रक्तशर्करा, हृदयालेख आणि हृद्रोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने ट्रेडमिल चाचणी करून घ्यावयास सांगितले. नाडीपरीक्षेवर आमचा विश्वास आहेच. परंतु हृदयाच्या रोहिणीतील अवरोध विश्रांत अवस्थेत गप्प बसू शकतो आणि घनगडाच्या चढावर प्रथम बोलू शकतो. तेथे त्याचे बोलणे ऐकून काय करावयाचे? चाचणी निर्दोष आली म्हणजे अभय मिळाले असेही नव्हे, हे आम्ही मित्रांना बजावले आहे. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, अवेळी घाम यांपैकी काहीही झाले की चाल तेथेच थांबेल.

यांतील एक जण रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. तो म्हणाला, ‘अरे वैद्या, चार दिवस गोळ्या बंदच ठेवतो. तू बरोबर आहेस, तुझा काढा आहे, डोंगराची हवा आहे.’ हा विश्वास सुखावणारा होता आणि म्हणूनच घातक. आम्ही त्यास स्पष्ट सांगितले, की गोळी चुकली तर तू पेठ शहापुरातूनच परत जाशील. अशा रुग्णाच्या गोळीत मूत्रल द्रव्य आहे काय, एवढे आपण अवश्य पाहावे आणि असल्यास त्याच्या मूळ चिकित्सकाशी बोलावे. दिवसभर घाम गाळणाऱ्या शरीरात जलक्षय लवकर होतो. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्शुलिन घेणाऱ्यांत नित्यापेक्षा अधिक श्रम आणि लांबलेले जेवण यांनी रक्तशर्करा एकाएकी खाली येते. त्यांच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज असलेच पाहिजे. पिशवीच्या तळाशी नव्हे, खिशात.

संधारण

चारही आयतनांत सर्वांत दुर्लक्षित हे दुसरे, आणि आमच्या मते मित्रांच्या भ्रमंतीत सर्वांत धोक्याचे. माणूस वेग का आवरतो हे सांगताना चरकाचार्यांनी राजसभा, गुरुजन, द्यूतसभा, स्त्रियांचा समुदाय, वाहनप्रवास असे प्रसंग मोजले आणि भय, लज्जा व किळस ही कारणे दिली. डोंगरातील मित्रांची टोळी त्या यादीत खुशाल बसेल.

अधारणीय वेगांत श्रमजन्य श्वास हा एक आहे. तो आवरल्याने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात. वर्गात हे शिकताना आम्हांस नवल वाटे, की धाप कोणी कशाला आवरेल? शिंक, जांभई आवरणे समजते. त्याचे उत्तर कोणत्याही चढावर मिळते. पन्नाशीचा गृहस्थ मागे पडतो, पुढचे वळून पाहतात, तो ओठ मिटून हसतो, ‘फोटो काढीत होतो’ म्हणतो. बुटाची नाडी सुटलेली नसता वाकून बांधतो. धाप लागली हे सांगण्याची लाज त्याला अपघातापेक्षा मोठी वाटते. वीस वर्षांपूर्वी हाच वर्गातील सर्वांत चपळ मुलगा होता, हे सर्वांना ठाऊक असते. तेच त्याला नडते. वृद्ध माता-पित्यांना घेऊन माणूस जेजुरीच्या पायऱ्या चढतो तेव्हा तो सहज थांबतो. मित्रांत थांबत नाही.

यावर औषध नाही, योजना आहे. आम्ही थांबे घड्याळावर बांधले : चढावर दर वीस मिनिटांनी पाच मिनिटे, कोणी मागो वा न मागो. थांब्यावर प्रत्येकाने तोंड उघडून मोकळा श्वास घ्यावयाचा आणि आपल्या दमाला एक ते दहापैकी आकडा द्यावयाचा. पहिल्या सरावाला सर्वांनी ‘तीन’ सांगितले. ज्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या त्यानेही तीनच सांगितले. मग आम्ही स्वतःचा ‘सहा’ सांगितला आणि लगेच इतरांचे आकडे वर सरकले. वैद्याने आपली धाप प्रथम कबूल करावी. रुग्णास ते पथ्यापेक्षा लवकर पचते.

मूत्रवेगाची कथा याहून अवघड. आडोसा मिळणार नाही या संकोचाने स्त्रिया सकाळपासून पाणीच कमी पितात. त्यातून तृष्णा, मूत्रकृच्छ्र, शिरःशूळ, संध्याकाळी भोवळ. याला ‘अशक्तपणा’ म्हणून आपण लोह व बलकारक कल्प देत बसतो! आमच्या गटात दोघींनीच ठरविले तसे, दर दोन तासांनी एक लांब थांबा राहील. पुरुषांनी पुढच्या वळणापर्यंत जाऊन पाठमोरे थांबावयाचे आणि कोणी काही विचारावयाचे नाही. मुक्कामाच्या घरी शौचाची सोय काय आहे याची चौकशी गडाच्या इतिहासाआधी केली. मलवेगाबाबत पहाटे निघण्याची घाई हेच मुख्य निदान आहे. उठल्यापासून निघेपर्यंत दीड तास राखून ठेवला म्हणजे उदावर्ताच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

क्षय आणि विषमाशन

क्षयाविषयी थोडक्यात. रूक्ष अन्न, अल्पाहार व अनाहार ही त्याची कारणे. मार्गशीर्षातील गुरुवारी पुष्कळ घरांत महालक्ष्मीचे व्रत व उपवास असतो. उपाशी पोटी कोरीगडाच्या पायऱ्या चढणे आणि संध्याकाळी एकदम पुरणपोळी जेवणे टाळावे म्हणून गुरुवार वगळला. व्रत मोडा असे आम्ही सांगत नाही. दिवस बदला म्हणतो.

उलट टोकाची चूक लोणावळ्यात होते. गाडीतून उतरताच तर्रीदार मिसळ, वर वडा, वर चिक्की, आणि तासाभरात चढ. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य हे वाग्भटाचार्यांचे सांगणे तेथील टेबलावर कोणाला आठवत नाही. हेमंतात रात्री मोठ्या असल्याने माणसाला सकाळीच भूक लागते, हेही त्यांनीच सांगितले आहे. म्हणून सकाळी भरपूर परंतु साधे खावे, दुपारी हलके आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास मुख्य जेवण. गावातल्या घरी तांदळाची वा नाचणीची भाकरी, पिठले, भात, वरण मिळते. वर तूप आम्ही नेऊ. हे सोडून पाकिटातील शेवया उकळण्याचा हट्ट का धरला जातो, हे कोडे आहे. वाटेत डिंकाचे लाडू, खजूर, मनुका, गूळ-शेंगदाणे. पाणी घोट घोट, थांब्याथांब्यावर. टाक्याचे वा ओढ्याचे पाणी उकळल्यावाचून नाही, मग टाके कितीही ऐतिहासिक असो. मुक्कामी सुंठ घालून उकळलेले पाणी. अतिसार वा उलट्या झाल्यास लाजमंड उत्तम, परंतु पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे असावीत. रात्री बारा वाजता लाह्या शोधीत कोणी फिरणार नाही.

औषधांच्या पेटीविषयी विस्तार करीत नाही. प्रत्येक वैद्याची पेटी त्याच्या हातासारखी असते. एकाच गोष्टीवर आमचे मत ठाम आहे आणि काही वैद्यबंधूंना ते रुचणार नाही. सर्पदंशात पेटी उघडावयाची नाही. अरिष्टाबंधन, छेदन, आचूषण आपण कल्पस्थानात वाचतो. त्यांचा ऐतिहासिक मान आम्ही जाणतो. आज दंशस्थानी पट्टी आवळणे, चिरणे, चोखणे यांनी हानीच होते आणि वेळ जातो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिसर्पविष उपलब्ध आहे. ते शिरेवाटे, रुग्णालयातच द्यावे लागते. अंग हलू न देता, धीर देऊन, रुग्णास उचलून रस्त्यापर्यंत नेणे आणि १०८ क्रमांकास कळविणे, एवढाच उपचार. कोणत्याही पाल्याचा रस पाजून ‘पाहू या’ म्हणणारा वैद्य रुग्णाचा अर्धा तास खातो आणि त्या अर्ध्या तासाची किंमत शास्त्राच्या नावावर लागते. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यांना डसतो व दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून पडवीत उघड्यावर न निजता बंद तंबू वापरावयाचा. आग्या मोहोळांचेही तसेच. तेलबैल्यासारख्या कड्यांखाली अत्तर, धूर, आरडाओरड नको.

दिनचर्येत पदयात्रेचे तीन नियम आहेत : पायांत पादत्राण, नजर चार हात पुढे आणि रात्रीचा प्रवास अगदी निकड असेल तरच, तोही काठी व सोबती घेऊन. आम्ही तिसरा अधिक कडक केला. संध्याकाळी पाचनंतर चाल नाही. पाच वाजता मुक्काम दिसत नसेल, तर त्या दिवसाचा हिशेब दुपारीच चुकलेला असतो.

आता निर्णयाची जागा. या वाटेवर पेठ शहापूर, भांबुर्डे आणि तेलबैला येथपर्यंत गाडीरस्ता आहे. तेथून कोणालाही लोणावळ्याकडे, अथवा भांबुर्ड्याहून ताम्हिणीमार्गे पौडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे नेता येते. सवाष्णीचा घाट उतरू लागल्यावर मात्र धोंडसे गाठेपर्यंत गाडी नाही, दरीत मोबाइलचा भरवसा नाही. म्हणून दुसऱ्या रात्री तेलबैल्यात प्रत्येकाची तपासणी होईल : विश्रांतीतील नाडी, रक्तदाब, गुडघे, तळपाय, मूत्राचा वर्ण, झोप व भूक. तेथे मतदान नाही. ज्याला खाली जाऊ नको म्हटले तो सकाळी गाडीने परत, आणि त्याच्यासोबत आणखी एक जण. हा सोबती कोण, हेही आधीच चिठ्ठ्या टाकून ठरविले, म्हणजे ऐनवेळी मित्रासाठी सुधागड सोडल्याचे उपकार कोणावर नकोत. सिंहगड चढणाऱ्याचीच चिठ्ठी निघाली. तो दोन दिवस गप्प होता.

बाकीची कामे किरकोळ आहेत. एकोले व तेलबैल्यातील यजमानांना निरोप गेले आहेत. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या बचावपथकांशी संपर्क कसा साधावयाचा, ते प्रत्येकाच्या घरी लिहून ठेवले आहे आणि रोजचा मुक्काम कुठे हेही. जंगलात शिरल्यावर हिरडा, करवंद, कारवी दिसेल; नरक्याचे एखादे झाडही दिसेल. ते पाहावयाचे, वर्णन लिहावयाचे, मुळ्या खणून आणावयाच्या नाहीत. नरक्याची बेसुमार तोड आपण पाहिली आहे आणि २०१३ पासून ताम्हिणीचा काही भाग अभयारण्य आहे.

गोळ्या बंद ठेवू म्हणणाऱ्या मित्राची ट्रेडमिल चाचणी येत्या मंगळवारी आहे. अहवाल प्रतिकूल आला, तर सवाष्णीचा घाट यादीतून काढून कोरीगड, घनगड आणि तेलबैला एवढेच तीन दिवस करावयाचे, असे सर्वांनी मान्य केले आहे. त्याला अजून सांगितलेले नाही.